सुट्टीच्या दिवशी गोदामात

फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात गरजूंना शिधा पुरवणाऱ्या एका संस्थेच्या गोदामात मी स्वयंसेवकांच्या कामाची आखणी करते. वर्षभर आमची रड एकच असते, ती म्हणजे माणसे पुरत नाहीत. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मात्र आलेल्या माणसांना काम कसे पुरवावे, असा उलटा प्रश्न पडतो. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी असते आणि १९९४ च्या कायद्याने तिला सेवेचा दिवस ठरवल्यामुळे शाळा, चर्च, बँका, वकिलांच्या कचेऱ्या असे सगळेच कुठे ना कुठे काम करायला बाहेर पडतात. तो कायदा मांडणाऱ्या दोघांपैकी जॉन लुईस हे नागरी हक्कांच्या चळवळीत पोलिसांचा मार खाल्लेले खासदार, तर हॅरिस वॉफर्ड हे आमच्याच पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर. वॉफर्ड यांनी तरुणपणीच भारतात येऊन गांधीविचाराचा अभ्यास केला होता आणि १९५९ मध्ये किंग दांपत्य भारतात आले, तेव्हा त्या दौऱ्याच्या जुळवाजुळवीला त्यांनी हातभार लावला होता. त्याच दौऱ्यात किंग मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात मुक्कामाला होते. माझे सारे बालपण गिरगावात गेले, पण ही गोष्ट मला इथे नोकरीला लागल्यावर कळली.

मी सांगते आहे तो सोमवार कडाक्याच्या थंडीचा होता, तरी गोदाम उघडण्याआधीच दारात रांग लागली होती. पहिली तुकडी एका वकिली फर्मची होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे नवे टी-शर्ट होते. त्यांना डबाबंद अन्नाच्या छाननीला बसवले. हे काम दिसायला सोपे, पण त्याचे नियम कडक आहेत. डब्याच्या अंगाला साधा पोचा असला तर चालतो. वरच्या किंवा खालच्या कडेच्या जोडावर किंवा उभ्या शिवणीवर पोचा असेल, तर डबा बाद. झाकण फुगलेले असेल किंवा लेबल निघाले असेल, तरीही बाद. डोळ्यांना जे दिसत नाही ते अंगठ्याला कळते, म्हणून प्रत्येक डबा हातात फिरवून कड चाचपायची आणि मग केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत कडधान्ये, भाज्या, मासे अशा प्रकारांनुसार लावायचा. नवशिक्यांचा हात सुरुवातीला अतिसावध असतो आणि ते चांगले डबेही बाजूला काढतात. तासाभरात मात्र उरक वाढतो. शाळकरी मुलांना आम्ही शुभेच्छापत्रे रंगवायला देतो. त्यांची कोणाला विशेष गरज असते असे मला वाटत नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला वीस किलोचे खोके उचलायला सांगता येत नाही.

त्याच टेबलाशी एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ एकटेच आले होते आणि कोणी न शिकवता त्यांचा अंगठा नेमका शिवणीवरून फिरत होता. शेजारच्या तरुण वकिलाने बोलता बोलता सांगितले, की त्याच्या फर्मची दुसरी तुकडी जिरार्ड कॉलेजात गेली आहे. शहरातल्या या सेवादिनाचा मुख्य कार्यक्रम तिथे असतो. आमच्याकडे १९९६ पासून हा दिवस मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. जिरार्ड कॉलेज ही नावाला कॉलेज असली तरी प्रत्यक्षात निवासी शाळा आहे. स्टीफन जिरार्ड या धनाढ्य व्यापाऱ्याने १८३१ मध्ये मरताना ‘गरीब, गोऱ्या, अनाथ मुलां’साठी संपत्ती ठेवली, त्यातून ती उभी राहिली आणि मृत्युपत्रानुसारच तिच्याभोवती दहा फूट उंचीची दगडी भिंत बांधली गेली. पुढे ती भिंत कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या मधोमध आली, तरी आत प्रवेश गोऱ्यांनाच होता. १९६५ मध्ये इथले वकील आणि नागरी हक्कांचे पुढारी सेसिल मूर यांच्या नेतृत्वाखाली त्या भिंतीबाहेर सात महिने निदर्शने झाली, ऑगस्टमध्ये खुद्द किंग तिथे येऊन बोलले, आणि कोर्टकचेऱ्या संपून पहिली कृष्णवर्णीय मुले आत गेली ती १९६८ च्या सप्टेंबरात. किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झाली होती.

ते गृहस्थ त्या निदर्शनांत होते. शाळा सुटली की घरी न जाता भिंतीकडे जायचे, फेरी धरायची आणि अंधार पडल्यावर परतायचे, असे त्यांनी सांगितले. वकील मनापासून म्हणाला, “आज त्याच ठिकाणी किंग यांच्या नावाने एवढी माणसे सेवा करताना पाहून तुम्हाला फार समाधान वाटत असेल.” त्यांनी हातातला डबा खोक्यात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “वाटते ना. पण आम्ही तिथे सेवा करायला जात नव्हतो. आम्हाला आत जायचे होते.” वकील ओशाळला, त्यावर त्यांनीच हसून त्याच्यापुढे पुढचा डबा सरकवला.

दुपारी मागच्या दाराने शिधावाटप सुरू झाले. रांगेत एक बाई सुपरमार्केटच्या गणवेशात उभी होती आणि तिला एक वाजता कामावर हजर व्हायचे होते. राष्ट्रीय सुट्टी सरकारी कचेऱ्यांना आणि टपालखात्याला लागू असते, बँकाही ती पाळतात. खासगी मालकावर मात्र तिचे बंधन नसते आणि दुकाने तर त्या दिवशी सेल लावतात. तिची पाळी आली तेव्हा निराळीच अडचण निघाली. भरलेले खोके घेऊन बसने कामावर जाणे शक्य नव्हते आणि दुकानात ते ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी येऊन नेते, असे ती म्हणाली. पण त्या दिवशी आमचे वाटप चारला बंद होते, कारण स्वयंसेवक तोपर्यंतच थांबतात. शेवटी आम्ही तिचे खोके टेबलावर मोकळे केले आणि तांदूळ, शेंगदाण्याचे लोणी, दोन-तीन डबे असे जे तिच्या पिशवीत मावेल तेवढे भरून दिले. एव्हाना त्या गृहस्थांनी पुढच्या टेबलावरून येऊन उरलेला माल पुन्हा खोक्यात लावायला घेतला होता.

किंग मेम्फिसला मारले गेले, तेव्हा ते तेराशे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. त्यानंतर चारच दिवसांत खासदार जॉन कॉनियर्स यांनी जयंतीच्या सुट्टीचे विधेयक मांडले, ते १९७९ मध्ये प्रतिनिधीगृहात लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताला अवघी पाच मते कमी पडल्याने फेटाळले गेले, आणि किंग यांच्या पत्नी कोरेटा किंग यांनी वर्षानुवर्षे चिवटपणे पाठपुरावा केल्यावर, लाखो सह्यांच्या निवेदनानंतर, १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुट्टीच्या कायद्यावर सही केली. मजुरांच्या संपात जीव गमावलेल्या माणसाची सुट्टी दुकानातल्या मजुरालाच मिळत नाही, ही विसंगती मला एरवी पुस्तकी वाटली असती. त्या दुपारी ती माझ्यासमोर गणवेश घालून उभी होती, आणि आमच्या संस्थेचे वेळापत्रक तिच्या सोयीने नव्हे, तर मदतीला येणाऱ्यांच्या सोयीने आखलेले आहे हेही तेव्हाच लख्ख दिसले.

सेवादिन बंद करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या एका दिवसात आमची कित्येक आठवड्यांची छाननी उरकते. पुढच्या बैठकीत मी एवढेच मांडले, की त्या सोमवारी वाटप रात्री नऊपर्यंत चालावे, अर्धी खोकी पिशवीत मावतील अशी लहान बांधावीत, आणि ज्या संस्थांना जानेवारीत जागा हवी त्यांनी फेब्रुवारीतल्या एखाद्या कामाच्या दिवशीही माणसे पाठवावीत. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीबाबत देणगीदार दुखावतील, अशी शंका निघाली आणि ती ‘विनंती’ म्हणून ठेवावी असे ठरले. यंदा सकाळच्या पाळीची नोंदणी डिसेंबरातच भरली. संध्याकाळी सहा ते नऊच्या पाळीसाठी मी अजून माणसे शोधते आहे.