सहा मिनिटांचा पाठ आणि ‘कळवतो’

शिक्षकाच्या पहिल्याच नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराकडे अनुभव नाही, हे त्याच्या बायोडेटावर स्पष्ट दिसत असते. तरीही मुलाखतीतला पहिला प्रश्न अनुभवाचाच असतो. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणे बंधनकारक झाले, त्यांपैकी सोळा दुसऱ्या वर्षात. या आंतरवासितेच्या काळात मी विज्ञान-गणिताचे नियमित तास घेतले, गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळले, चाचणीचे पेपर तपासले आणि रोजचे टाचण मार्गदर्शक बाईंकडून सही करून घेतले. “ते प्रशिक्षण झाले, अनुभव नव्हे,” असे मला दादरपासून बोरिवलीपर्यंतच्या शाळांमध्ये जवळजवळ एकाच स्वरात ऐकायला मिळाले आहे.

अनुदानित शाळेत थेट अर्ज करण्याचा मार्ग आता जवळपास उरलेला नाही. तेथील जागा शासनाच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून भरल्या जातात आणि त्यासाठी द्यावी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात पहिल्यांदा झाली, त्यानंतर २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात पदवी हाती पडलेल्याने काय करावे? टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र फाइलला लावून स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या वॉक-इन मुलाखतींना जावे, हेच मी आणि माझ्या मैत्रिणी करत आलो आहोत.

या मुलाखतींमध्ये सहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात, त्याला सगळे ‘डेमो’ म्हणतात. मी बहुधा प्रकाशाचे अपवर्तन निवडते. वाटीच्या तळाशी नाणे ठेवायचे, मुलांनी ते कडेआड दिसेनासे होईपर्यंत मागे सरकायचे आणि मग वाटीत हळूहळू पाणी ओतायचे. नाणे पुन्हा दिसू लागते, तेव्हा आठवी-नववीची मुले हमखास ओरडतात आणि त्या ओरडण्यातूनच पुढचा प्रश्न सुचतो. डेमोला मात्र समोर मुले नसतात. एक मुख्याध्यापिका, एक पर्यवेक्षक आणि मोबाइलवर काहीतरी वाचत बसलेले एक विश्वस्त, असे पॅनेल असते. मागे सरकायला कोणी उठत नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही कोणी देत नाही. एका शाळेत तर टेबलावर पाणी सांडेल म्हणून वाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि स्मार्ट बोर्डावर हाच प्रयोग दाखवणारा व्हिडिओ लावता येईल का, अशी विचारणा केली. व्हिडिओ लावता आला असता. पण मग माझ्या शिकवण्याचे मूल्यमापन ते कशावरून करणार होते, हे मला कळले नाही.

बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनातही पाठ सहाच मिनिटांचा असतो आणि समोर मुलांऐवजी सहाध्यायी बसतात, त्यामुळे कृत्रिमपणाची सवय आम्हाला असते. परंतु तिथे त्या सहा मिनिटांनंतर सहा मिनिटे प्रत्याभरण म्हणजे पाठावरचा अभिप्राय, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा तोच पाठ आणि शेवटी आणखी सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र पूर्ण केले जाते. शाळांनी या चक्रातली पहिली सहा मिनिटे तेवढी उचलली आणि उरलेली तीस टाकून दिली, अशी माझी खरी तक्रार आहे. पाठ संपला की “ठीक आहे, कळवतो” असे म्हणतात आणि फाइल परत देतात. पुढे फोन येत नाही, ईमेललाही उत्तर मिळत नाही. नापसंतीचे कारण फळ्यावरचे अक्षर होते, आवाज होता, विषय होता की इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवायला आलेल्या मुलीचे स्वतःचे दहावीपर्यंतचे मराठी माध्यम होते, याचा अंदाज आपणच बांधत बसायचा.

लग्न कधी करणार, सासर विरारपलीकडचे मिळाले तर नोकरी सोडणार का, हे प्रश्नही होतात; त्यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पगाराच्या अपेक्षेबद्दल विचारले की मी माध्यमिक शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, जानेवारी २०२३ पासून मिळणारे दरमहा १८,००० रुपयांचे मानधन सांगते. बारा हजारांत शिकवायला तयार असलेले अर्ज आपल्याकडे पडून आहेत, असे सांगायला एका पर्यवेक्षकांना जराही संकोच वाटला नाही. त्यांचीही अडचण मला समजते. एका जागेसाठी गठ्ठाभर अर्ज येत असतील, तर प्रत्येकाला पत्र लिहिणे शक्य नाही. मात्र समोर बसलेल्या उमेदवाराला पाठ संपताच दोन वाक्ये सांगायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

म्हणून हल्ली फाइल परत घेताना मीच विचारते, “पाठात काय कमी पडले, ते सांगाल का?” बहुतेक ठिकाणी पॅनेल एकमेकांकडे पाहते आणि पुढच्या उमेदवाराला बोलावते. घाटकोपरच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी मात्र मला पुन्हा बसायला सांगितले. “तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तराची वाट न पाहता तुम्हीच उत्तर देता,” असे त्या म्हणाल्या. समोर मुले नव्हती म्हणून तसे झाले, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी आकृतीतील अपवर्तन कोनाबद्दल एक प्रश्न विचारला, तो मुद्दाम चुकीच्या समजुतीतून आलेला होता, आणि मी समजावून सांगेपर्यंत त्या नववीतल्या मुलासारख्या हटून बसल्या. ती जागा अनुभवी उमेदवाराला गेली, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून कळवले.