झेनचे पाणी कुठे जात होते: दीड महिन्याच्या नोंदी

गाडी मारुती झेन, २००२ ची, एमएच-०४ पासिंग, ९९३ सीसीचे एमपीएफआय इंजिन. नोंदी सुरू केल्या तेव्हा ओडोमीटरवर १,१२,४८० किलोमीटर होते. पंधरा वर्षांनंतरचे पुनर्नोंदणीचे सोपस्कार करून ठेवलेली ही गाडी मी रोज वापरतो, केवळ रविवारी पुसायला ठेवलेली नाही, हे आधीच सांगतो. कारण पुढचे सगळे आकडे ठाण्यातल्या रोजच्या रहदारीतले आहेत.

४ जुलै

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत एसी चालू असताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून दोन रेघा वर सरकला आणि मोकळा रस्ता मिळताच खाली आला. त्याआधी आठवडाभर कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो की भाजलेल्या साखरेसारखा पुसटसा वास येत असे. तो शेजारच्या गाडीचा असावा, असे मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडले, तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती. बाटली भरलेली दिसली की बहुतेक जण बॉनेट बंद करतात, आणि गेली काही वर्षे मीही तेच करत आलो आहे. या वेळी रेडिएटरची कॅप काढली. तोंडातून खाली पाहिले, तर वरच्या जाळ्या कोरड्या होत्या.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही विसंगती समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पाणी २० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापले की जवळपास ४ टक्क्यांनी फुगते, आणि कूलंट मिसळलेले असेल तर त्याहून थोडे अधिक. म्हणजे पावणेचार लिटरच्या यंत्रणेत दीडशे मिलिलिटरहून जास्त द्रव दर फेरीला बाटलीत ढकलला जातो. गाडी गार होताना आतले पाणी आकसते, निर्वात पोकळी तयार होते आणि कॅपमधली छोटी उलटी झडप उघडून तेवढाच द्रव बाटलीतून परत ओढला जातो. मात्र यंत्रणेत कुठेही हवा शिरायला जागा असेल, तर पोकळी भरायला बाटलीतल्या पाण्याऐवजी तिथून हवाच येते. म्हणून बाटलीवरच्या खुणा पाहून काहीच कळत नाही. पातळी रेडिएटरच्या तोंडाशी, तीही गार इंजिनावर, पाहावी लागते.

मोजणीची पद्धत अशी ठरवली की दर आठ दिवसांनी सकाळी बाटलीतला जास्तीचा द्रव पिचकारीने काढून रेडिएटरमध्ये घालायचा, त्यानंतरही तोंडापर्यंत यायला जेवढे लागेल तेवढे मोजपात्राने घालायचे आणि तो आकडा वहीत लिहायचा. भरण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरले. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातले असावे, कारण निघालेला द्रव चहाच्या रंगाचा होता.

१२ जुलै

३१० किलोमीटर, निव्वळ तूट २२० मिलिलिटर.

पार्किंगमध्ये रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरत होतो. पावसाळ्यात गाडीखालच्या ओलीवरून काही ठरवणे अवघड जाते, कारण चाकांच्या कमानीतून निथळणारे पाणी आणि एसीच्या नळीतून पडणारे पाणी यांत कूलंटचा थेंब हरवून जातो. दोन बोटांत चोळून पाहिले तर कूलंट किंचित बुळबुळीत लागतो आणि एसीचे पाणी साधे लागते, एवढा फरक पुरतो. चव घेऊन पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. सोसायटीतली मांजरे गाडीखाली झोपतात, म्हणून पुठ्ठा रोज सकाळी उचलत होतो. आठही दिवस पुठ्ठ्यावर एसीच्या पाण्याशिवाय काही आढळले नाही.

कॅपचे रबर कडक होऊन त्याला कडेने चीर गेली होती. ०.९ बार दाबाची नवी कॅप आणून बसवली. तेवढ्या जास्तीच्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे कॅप कुचकामी असेल तर गाडी कोंडीत आधी त्रास देणार, हे काट्याच्या वागण्याशी जुळत होते. प्रश्न सुटला, असे मी त्या दिवशी वहीत लिहिलेही आहे.

२० जुलै

२९५ किलोमीटर, तूट ३६० मिलिलिटर. कॅप बदलल्यावर गळती वाढली. बाटलीची पातळी मात्र जिथे खूण केली होती तिथून हललीच नव्हती.

गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली. तिथे बॉनेटवर वाकूनही न पाहता निकाल मिळाला: "साहेब, नवीन कॅपने प्रेशर वाढलं ना, म्हणजे हेड गॅस्केटच गेलंय. हेड उतरवून फेसिंग करावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील, आणि फेसिंग म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे. अंदाज चौदा हजारांचा होता. त्यातले अर्धे वाक्य बरोबर होते, आणि तेच माझ्या कामाचे ठरले. नव्या कॅपने दाब वाढला होता. आधी फुटक्या कॅपमधून दाब लवकर सुटत असल्यामुळे खऱ्या छिद्रावर जोरच येत नव्हता, आता पूर्ण ०.९ बार येऊ लागला. म्हणजे गळती दाबावर अवलंबून होती. ती हेडमध्येच आहे, हे मात्र यावरून सिद्ध होत नव्हते.

२१ ते २६ जुलै

हेड गॅस्केटचा संशय खोडून काढण्यात किंवा पक्का करण्यात हा आठवडा गेला. गार इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरून ठेवला. गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर पाणी तापण्याआधीच, मिनिटा-दोन मिनिटांत, होज दगडासारखा कडक होतो. तो मऊच राहिला. कॅप काढून ठेवून रेडिएटरच्या तोंडात पाहत राहिलो; सुरुवातीचे दोन-तीन बुडबुडे सोडले तर पाणी शांत होते. त्यानंतर निळ्या द्रवाची चाचणी घेतली. या चाचणीत रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढली जाते आणि तिच्यात पेट्रोलच्या ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग पिवळा होतो. पाच मिनिटे पंप दाबूनही रंग निळाच राहिला. तसाच पंप एक्झॉस्टच्या नळीजवळ धरल्यावर द्रव लगेच पिवळा झाला, त्यामुळे रसायन चांगले असल्याचीही खात्री झाली. चारही स्पार्क प्लग काढले, सगळे एकसारखे फिकट तपकिरी होते. सिलिंडरमध्ये पाणी जात असते, तर त्यातला एखादा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला असता. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) १२.०, १२.२, ११.८ आणि १२.१ किलो भरले, म्हणजे चारही सिलिंडर जवळपास सारखे.

तेलाच्या झाकणाखाली पिवळसर साय होती, आणि तिने एक रात्र माझी झोप उडवली हे मान्य करतो. पण डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ होते. जुलैत ठाण्यात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या इंजिनात दमट हवेचे पाणी झाकणाखाली साचून अशी साय येतेच. सकाळी सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेचेही तसेच. हीटरचा कोअरही, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, पाहून घेतला. डाव्या बाजूचे कार्पेट कोरडे होते आणि काचेवर तेलकट थर नव्हता.

२७ जुलै, शनिवार

वागळे इस्टेटमधल्या एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडून दाबाचा हातपंप एका दिवसासाठी मिळाला. हा पंप कॅपच्या जागी बसतो आणि त्याला दाबमापक असतो. देताना त्यांनी एवढेच सांगितले, "गरम गाडीला लावू नका. रात्रभर उभी राहू द्या, सकाळी लावा. आणि कॅपवर लिहिलंय त्याच्या वर मारू नका, नाहीतर चांगला रेडिएटर फोडून बसाल."

सकाळी सहाला पंप लावून ०.९ बारपर्यंत दाब भरला. पंधरा मिनिटांत काटा ०.६ वर आला. वॉटर पंपाचे गळतीछिद्र कोरडे, रेडिएटरच्या खालच्या टाकीचा जोड कोरडा, होजच्या सगळ्या जुबली क्लिपा कोरड्या. पुन्हा दाब भरला आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा इंजिनाच्या मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली घातला. तिथून ब्लॉकला लागून पाण्याचा एक लोखंडी पाईप पंपाकडे जातो आणि पत्र्याच्या पट्टीने ब्लॉकला बांधलेला असतो. टॉर्चच्या उजेडात त्या पट्टीच्या खालच्या कडेला एक तपकिरी मणी फुगताना दिसला, ओघळला, आणि त्याच जागी दुसरा फुगू लागला. मी मोजले: अकरा सेकंदांना एक थेंब. थेंब खाली ओघळत एक्झॉस्टच्या पाईपवर पडत होता, आणि त्या पाईपवर पूर्वीच्या थेंबांचे पांढरट पापुद्रे जमले होते.

पुठ्ठा कोरडा का राहत होता, याचे उत्तर त्या पापुद्र्यांत होते. गाडी चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ यंत्रणेत दाब असतो, म्हणजे गळायची वेळ तीच. पण त्या वेळी खालचा एक्झॉस्ट तव्यासारखा तापलेला असतो, त्यामुळे थेंब पडताच चर्र होऊन उडून जातो. सिग्नलला येणारा साखरेचा वास तोच. तवा निवेपर्यंत दाब ओसरलेला असतो, आणि आकसणारे पाणी त्याच छिद्रातून उलट हवा आत घेते. गरम गाडीखाली वाकून कितीही शोधले असते, तरी हे दिसले नसते.

३ ऑगस्ट

पाईप उतरवायला मॅनिफोल्डचा आधार सोडवावा लागला आणि माझी पूर्ण दुपार गेली. पंपाकडच्या टोकाचे ओ-रिंग (सील करणारे रबरी कडे) चिमट्याने तुकड्या-तुकड्यांनी निघाले. पट्टीच्या आत पावसाळी चिखल घट्ट बसलेला होता, त्याने बाहेरून रंग खाल्ला होता आणि साध्या पाण्याने आतून गंज चढवला होता. पट्टी सरकवल्यावर छिद्र दिसले, शिवणाच्या सुईचे टोक जाईल एवढे. एम-सील लावून चालेल का, असे शेजारच्या काकांनी विचारले. पाईप आतून इतका पातळ झाला होता की महिन्याभरात शेजारी दुसरे छिद्र पडले असते, म्हणून ते केले नाही. नवा पाईप मागवून आणला होता. तो, नवे ओ-रिंग, दोन्ही टोकांचे होज आणि क्लिपा बदलल्या. पट्टीखाली रबराची पातळ चकती घातली, ती कंपनीची नसून माझी भर आहे.

निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत यंत्रणा तीनदा धुतली, मग तयार मिश्रणाचा कूलंट भरला. गाडीचे नाक उतारावर वर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू केले आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत हवा निघू दिली. एकूण ३.७ लिटर बसले. पंपाने पुन्हा ०.९ बार भरला. अर्ध्या तासाने काटा तिथेच होता.

११ ऑगस्ट

३४० किलोमीटर, तूट ४० मिलिलिटर. ही तूट आत राहिलेली हवा निघाल्यामुळे असावी, असा अंदाज आहे. यात उपवनकडून येऊरच्या चढावर दोन फेऱ्या आणि माजिवड्याच्या कोंडीतला पाऊण तास आहे. काटा हलला नाही.

१९ ऑगस्ट

३२५ किलोमीटर, तूट शून्य. गार इंजिनावर रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला, बाटली खुणेवर. जुना पाईप मिस्त्रींना दाखवायला नेला होता, तो त्यांनी ठेवून घेतला.