खडीच्या खाणीत झिओलाइट शोधताना

दगडखाणीत पहिल्यांदा शिरणारा माणूस थेट ताज्या सुरुंगाच्या कड्याकडे धावतो. तिथे सहसा काही मिळत नाही. खाणमालकाला हवा असतो घट्ट, एकजीव काळा पाषाण, कारण खडी त्याचीच चांगली होते. झिओलाइटचे (लाव्ह्याच्या दगडातल्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांच्या एका गटाचे) स्फटिक असतात ते मात्र त्याला नको असलेल्या भोकाभोकांच्या मांजऱ्या दगडात. हा दगड ठिसूळ असतो, खडीला चालत नाही, म्हणून एका बाजूला लोटून दिलेला असतो. महाराष्ट्रात खनिजे गोळा करायला निघालात तर पहिली सकाळ या टाकाऊ ढिगाऱ्यावर घालवा.

कारण समजून घेतले की शोध निम्मा सोपा होतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर वाहत आले. प्रत्येक थराच्या मधला भाग सावकाश थिजून घट्ट झाला. वर चढणारे वायूचे बुडबुडे मात्र माथ्यापाशी अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. थराच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, त्याही बुडबुड्यांच्याच वाटा. पुढे खडकातून झिरपलेल्या गरम पाण्याने सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून आणले आणि या पोकळ्यांत स्फटिक वाढले. म्हणून खाणीच्या भिंतीत आडवा लाल पट्टा दिसतो का ते आधी पाहा. तो दोन थरांमधला भाजल्यासारखा मातीचा पदर. त्याच्या लगेच खाली खालच्या थराचा माथा असतो, म्हणजे पोकळ्यांची जागा. ढिगाऱ्यातला तुकडा भिंतीच्या कोणत्या पट्ट्यातून आला हे रंगावरून जुळवता आले, की पुढचा दगड कुठे शोधायचा ते आपोआप कळते.

पुण्याहून निघालात तर तीन दिवसांची एक चांगली वाट आहे: वाघोली, तिथून अहिल्यानगरमार्गे राहुरी, मग शिर्डीवरून सिन्नर आणि शेवटी नाशिक. वाघोलीच्या खाणी कॅव्हनसाइटसाठी जगभर ओळखल्या जातात. हे खनिज प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव मिळाले, पण डोळे दिपवणारे गडद निळे गोळे मिळाले ते वाघोलीत, पांढऱ्या स्टिलबाइट या झिओलाइटवर बसलेले. त्याचेच भावंड पेंटागोनाइट. रासायनिक घटक तेच, रचना वेगळी. राहुरी परिसरात नामांकित नमुने खाणीपेक्षा विहिरीच्या खोदकामातून आले, आणि त्यात व्हॅनेडियममुळे हिरवी झाक आलेले अपोफिलाइट हे खनिज सर्वांत देखणे. गावात नवी विहीर चालू असेल तर बाहेर टाकलेला मुरूम आणि दगड पाहण्यासारखे असतात. शेतकऱ्याला आधी विचारायचे, विहिरीत उतरायचे नाही. नाशिकजवळ पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींतून पॉवेलाइट आणि गूसक्रीकाइट ही खनिजे आली आहेत. सिन्नरचे खनिजांचे गारगोटी संग्रहालय मात्र वाटेवर सगळ्यांत शेवटी न ठेवता, जमल्यास सुरुवातीलाच पाहावे. उत्तम नमुना कसा दिसतो हे डोळ्यांत बसले की ढिगाऱ्यात हात आपोआप योग्य दगडावर जातो.

परवानगीबद्दल स्पष्टच लिहितो. दगडखाण ही भाडेपट्ट्यावरची खाजगी जागा असते आणि दगड हे गौण खनिज आहे. मालकाची किंवा मुकादमाची तोंडी का होईना, परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नका. सुरुंग केव्हा उडणार हे त्याच वेळी विचारा. लेणी, किल्ले आणि लोणार सरोवराचा परिसर संरक्षित आहे. तिथून खडाही उचलायचा नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात खाणीत पाणी साचते, भिंतींच्या फटी सैल होतात आणि दरडी कोसळतात. उन्हाळ्यात काळा दगड इतका तापतो की हात लावता येत नाही. भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतके लांब राहा. लोंबणाऱ्या दगडाखाली तर मुळीच थांबू नका. रंगीत वायरचा तुकडा किंवा न उडालेल्या सुरुंगासारखे काही दिसले तर हात न लावता मुकादमाला सांगा. दगड उलटताना पहारीने त्याची पलीकडची कड उचलून आपल्याकडे ओढा, म्हणजे खाली फुरसे किंवा विंचू असेल तर मध्ये दगडाची ढाल राहते.

हत्यारे थोडीच पण योग्य हवीत. भूशास्त्राचा हातोडा, दीड-दोन किलोचा घण, एक चपटी आणि एक टोकदार छिन्नी, लहान पहार, १० पट मोठे दाखवणारे भिंग. सुताराची हातोडी दगडावर चालवू नका, आणि एका हातोड्याच्या तोंडावर दुसरा हातोडा कधीच मारू नका. कठीण पोलादाच्या कपच्या गोळीसारख्या उडतात. गॉगल, हेल्मेट, जाड बूट आणि चामडी हातमोजे यांत तडजोड नको.

सगळ्यात जास्त नमुने खराब होतात ते पोकळी फोडताना. पोकळी दिसली की तिच्या तोंडावर घाव घालण्याचा मोह होतो आणि एका घावात आतले स्फटिक मुळापासून सुटतात. अपोफिलाइट तर पत्त्यांच्या चवडीसारखे आडवे फुटते, कारण त्या दिशेने त्याचे पदर अगदी सहज सुटतात. आधी पोकळीत ओला टिश्यू पेपर हलक्या हाताने भरा, म्हणजे धक्का आणि उडणाऱ्या कपच्या दोन्ही अडतात. मग कडेपासून चार-पाच इंच दूर, दगडातली नैसर्गिक फट शोधून तिथे छिन्नी लावा आणि चारही बाजूंनी हळूहळू चर पाडत जा. नमुना जितका मोठा निघेल तितका काढा. कमी करायचे काम घरी, बाकावर. आधारदगडासकट, म्हणजे स्फटिक ज्यावर वाढले त्या दगडासकट, आलेला मध्यम नमुना मला सुट्या मोठ्या स्फटिकापेक्षा नेहमीच मोलाचा वाटतो. तो कशावर आणि कशानंतर वाढला, हे फक्त तोच सांगतो. हिरवट पापुद्रा सेलाडोनाइटचा असतो आणि बहुतेक वेळा पोकळीत तोच आधी तयार होतो. त्यावर हॉयलँडाइट, मग स्टिलबाइट, आणि शेवटाकडे अपोफिलाइट आणि कॅल्साइट असा क्रम पुष्कळदा दिसतो. तो पापुद्रा घाण समजून खरवडू नका.

ओळखीत गोंधळ होतो तो काही ठरावीक खनिजांत. स्टिलबाइट मधे बांधलेल्या पेंढीसारखे, दोन्ही टोकांना पसरलेले दिसते. हॉयलँडाइटचे स्फटिक मधे रुंद, टोकांना निमुळते आणि एका बाजूला मोतिया चमक असलेले. अपोफिलाइटच्या माथ्यावर मोतिया चमक आणि बाजूंवर उभ्या रेषा असतात. स्फटिकमय गारेवर (क्वार्ट्झवर) रेषा आडव्या असतात आणि ती काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइट ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरतो, फेस येतो, पण तो थेंब फुटक्या तुकड्यावरच टाका. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांच्या सुया डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. नमुन्याच्या चिठ्ठीवर तसेच लिहावे, अंदाजाने एक नाव ठोकू नये. तंतुमय तुकडे कोरडे फोडू नका. एरिओनाइट नावाचे तंतुमय झिओलाइट श्वासात गेल्यास कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियामधल्या काही गावांनी त्याची किंमत मोजली आहे. दगड ओला ठेवा, मास्क लावा.

वाटेत विकत घ्यायची वेळ आली तर कॅव्हनसाइटचा गोळा स्टिलबाइटवर चिकटवलेला तर नाही ना, हे भिंगातून पाहा. सांध्याभोवती गोंदाची चमकदार कड दिसते. अतिनील टॉर्चखाली बरेचसे गोंद चमकतात. गुलाबी, निळे, हिरवे ओकेनाइट रंगवलेले असते. खरे ओकेनाइट पांढरेच, कापसाच्या बोंडासारखे.

बांधणीत ओकेनाइटचा प्रश्न सर्वांत अवघड. बोट लागले की त्याचे तंतू कायमचे चिकटून बसतात, पाणी लागले की त्यांचा गोळा होतो. त्याला कागदात गुंडाळायचे नाही. आधारदगड खोक्याच्या तळाला दोऱ्याने किंवा तारेने बांधायचा, वरचा भाग कशालाही टेकता कामा नये. मेसोलाइटच्या केसांनाही हीच पद्धत. बाकीच्या नमुन्यांना आधी टिश्यू, मग वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, आणि खोक्यात हलायला जागा राहू द्यायची नाही. जड नमुने तळाला. खोके डिकीत नको, मागच्या सीटखाली ठेवा, धक्के कमी बसतात.

घरी आल्यावर साधे पाणी आणि मऊ दातब्रश पुरे. पाणी खोलीच्या तापमानाचे हवे. गरम-गार झाल्याने अपोफिलाइटला तडे जातात. झिओलाइट आम्लात बुडवू नका. पृष्ठभाग निस्तेज होतो, काही झिओलाइट तर जेलीसारखे होऊन जातात, आणि गेलेली चमक परत येत नाही. लोमॉन्टाइटची वेगळी काळजी घ्यावी लागते. कोरड्या हवेत ते पाणी सोडते, पांढरे पडते आणि त्याचा भुगा होतो. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओलसर कापसाच्या सोबतीने ठेवा. लाखेचा हात दिला तर टिकते, पण चमक मरते.

आणि चिठ्ठी. भोर घाटाच्या रेल्वेकामात, १८५० च्या दशकात आणि त्यानंतर, निघालेले झिओलाइट युरोपच्या संग्रहालयांत गेले. त्यांच्यावर अनेकदा फक्त 'पूना' एवढेच लिहिलेले होते. नेमका कोणता कडा, आता कोणालाच सांगता येत नाही. मुंबईतल्या मालाड आणि कांदिवलीच्या खाणींतून प्रेहनाइट, ओकेनाइट, गायरोलाइट आले. आज त्या जागी इमारती आहेत. वाघोलीपर्यंतही शहर पोचले आहे. म्हणून आधारदगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, त्यावर वॉटरप्रूफ पेनने क्रमांक टाका, आणि वहीत त्याच क्रमांकापुढे गाव, तालुका, जिल्हा, खाण की विहीर, खोली, लाल पट्ट्यापासूनचे अंतर, सोबतची खनिजे, तारीख आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहा. हे सगळे खाणीतच, दगड हातात असताना. रात्री मुक्कामी बसून लिहायला गेलात तर दोन ढिगाऱ्यांचे नमुने एकमेकांत मिसळलेले असतात.