बूस्ट वाढवायच्या आधी तो वीतभर पाइप बघा

खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि माझ्या टर्बोवाल्या गाडीचा एरवी ०.८ बारवर थांबणारा बूस्टचा (एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो इंजिनात जादा हवा दाबतो, त्या प्रेशरचा) काटा १.२ च्याही पुढे गेला, आणि लगेच गाडी अशी अडखळली की बायकोने डॅशबोर्डच धरला. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, इंधन तोडलं होतं. तोडलं म्हणून बरं, एवढ्या हवेला पेट्रोल कमी पडलं असतं तर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

पुण्याला परत आलो तर मित्रांचे सल्ले सुरू, बूस्ट कंट्रोलर बदल, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट सोडून बूस्ट आवरणारी झडप) मोठा टाक, रीमॅप (ईसीयूमधली इंजिनची सेटिंग) परत करून घे. म्हटलं आधी बघू तरी. सोलेनॉइडकडून (प्रेशर आवरणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरकडे जाणारा करंगळीहून बारीक रबरी पाइप असतो, तो टर्बोच्या धगीने पार कडक झाला होता आणि क्लिपच्या खालीच नखाएवढी चीर, वाकवला की उघडायची, सोडला की मिटायची. नुसतं बघून कळलीच नसती.

आता बघा, हवा गळली की बूस्ट कमी होणार असं आपल्याला वाटतं, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मोठ्या पाइपांचं तसंच असतं, पण ह्या पाइपचं बरोबर उलटं आहे. ॲक्च्युएटरला प्रेशर मिळालं तरच तो दांडा ढकलून वेस्टगेट उघडतो आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला (टर्बो फिरवणाऱ्या चाकाला) बगल देऊन जातो. प्रेशर चिरीतूनच गेलं तर गेट बंद, टर्बो फिरतोय तो फिरतोयच. हातपंप लावून तपासलं, ०.५ बारला दांडा हलायला लागला, म्हणजे ॲक्च्युएटर ठणठणीत.

अजून एक, स्पाइक आणि क्रीप ह्यात लोक फार गल्लत करतात. क्षणभर वर जाऊन काटा खाली आला तर स्पाइक, तो कंट्रोलरच्या सेटिंगने आवरता येतो. पण गेट पूर्ण उघडं असूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहिला तर क्रीप, फ्री-फ्लो (धूर मोकळा जाऊ देणारा) एक्झॉस्ट टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं, आणि तिथे कंट्रोलर कितीही फिरवा उपयोग नाही, गेटचं भोकच कमी पडत असतं.

आणि ईसीयू ॲब्सोल्यूट प्रेशर (बाहेरच्या हवेचं प्रेशर अधिक बूस्ट) धरून चालत असेल तर महाबळेश्वरला, जिथे बाहेरची हवाच साधारण ०.८६ बार आहे, तिथे १.८ गाठायला टर्बोला ०.९४ चा बूस्ट द्यावा लागतो, मुंबईत ०.८ मध्ये भागतं. टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते, ती थंड करणारा इंटरकूलर छोटा असेल तर नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटणं. म्हणून मी घाटासाठी कधीच आकडा वाढवत नाही.

पाइप सिलिकॉनचा टाकला, वरून हीट स्लीव्ह चढवली आणि पुढच्या रविवारी त्याच घाटात तिसऱ्यालाच ओढली, काटा ०.८५ ला टेकून ०.८ वर आला आणि वरच्या वळणापर्यंत तिथेच राहिला. मॅपला हात लावलेला नाही.