हॅवलॉक डाइव्हिंग: पाण्याखाली धाप लागली तर

अंदमानातल्या हॅवलॉकला (कागदोपत्री आता स्वराज द्वीप, बोलताना अजून हॅवलॉकच) फेब्रुवारीत जाऊन आलो. पाणी मस्त, मासे तर विचारूच नका. पण जॉनीज गॉर्जला जे झालं ते नव्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

हा स्पॉट खोल, ३० मीटरपर्यंत जातो आणि करंटही (पाण्याचा प्रवाह) असतो, त्यामुळे ॲडव्हान्स्ड कोर्स झाला असेल तरच जा. माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, दणकट गडी, करंटच्या विरुद्ध फिन्स मारत सुटला, आणि थोड्या वेळाने बघतो तर बुडबुड्यांना मधे खंडच नाही, डोळे मोठे, हात गळ्यावरून आडवा, म्हणजे हवा संपल्याची खूण. त्याच्या सिलिंडरचा गेज बघितला तर १२० बार, म्हणजे हवा भरपूर शिल्लक! मी माझा ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) दिला, त्याने तोंडात घेतला, तरी धाप तशीच. मग डाइव्हमास्टरने त्याला दंडाला धरून मोठ्या खडकाआड नेलं, तिथे करंट लागत नव्हता, आणि तळहात हळूहळू खाली नेत श्वास पूर्ण सोड, पूर्ण सोड अशी खूण करत राहिला. गडी माणसात आला, मग सेफ्टी स्टॉप (वर येताना मधे थोडं थांबणं) करून वर.

होतं काय, ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे हवा चौपट दाट, ओढायलाही जड आणि सोडायलाही. त्यात दमून भराभर वरवरचे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आतच साठतो आणि तोच आणखी धाप लावतो, माणसाला वाटतं रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) हवा देत नाही. अशा वेळी रेग्युलेटर थुंकून वर पळणं सगळ्यात वाईट. थांबा, काहीतरी धरा, बडीला खूण करा, आधी श्वास सोडा. बडीने ऑक्टोपस मागितला तर मात्र मुकाट द्या, पाण्यात वाद नको.

कधीकधी रेग्युलेटर खरंच कमी पडतो, विशेषतः भाड्याचा. बोटीवरच गेजकडे बघत चार-पाच जोरात श्वास घ्या, प्रत्येक श्वासाला सुई खाली जाऊन परत येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय. सेकंड स्टेजला (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) नॉब असेल तर तो आवळलेला नाही ना तेही बघा.

आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी ठेवा, हॅवलॉकहून येणारी फेरीबोट रद्द होते कधीकधी, म्हणून पोर्ट ब्लेअरचा (कागदोपत्री आता श्री विजयपुरम) एक मुक्काम धराच.