लिस्टच्या गावात कापसाचा हिशोब

जर्मनीत तू नेमकं करतोस काय, असं अमळनेरला आलो की सगळेच विचारतात. परदेशी माल स्वस्त मिळत असताना त्यावर जकात लावावी, हे कुणी, कधी आणि कशासाठी म्हटलं, याचा इतिहास मी शोधतो.

त्यातलं मोठं नाव जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट. त्याची कागदपत्रं त्याच्या जन्मगावी, रॉयटलिंगनच्या दप्तरखान्यात आहेत. 1841 च्या ग्रंथात तो म्हणतो, की इंग्लंड जकातींच्या शिडीनं वर चढलं आणि मग ती शिडीच ढकलून दिली. नव्या कारखान्यांना पायावर उभं राहीपर्यंत संरक्षण द्या, नंतर काढून घ्या.

पण हे संरक्षण त्यानं समशीतोष्ण देशांपुरतंच ठेवलं. उष्ण कटिबंधातल्यांनी कच्चा माल पिकवावा आणि तयार माल विकत घ्यावा! म्हणजे खानदेशानं कापूस वेचायचा, कापड मँचेस्टरचं नेसायचं. ते पान उघडलं की मला आजही राग येतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात लिस्टचा आधार घेतला, पण ही वाटणी साफ नाकारली. माझ्या लेखी लिस्टचे सगळ्यात धीट वाचक रानडेच. इंग्रज सरकारनं मात्र 1896 मध्ये विलायती कापडावर 3.5 टक्के जकात ठेवून तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. जवळजवळ तीस वर्षं तो राहिला. आपली अमळनेरची प्रताप मिल त्याच काळात उभी राहिली.

गावी कापूस पिकवणाऱ्या आप्पांचा प्रश्न आजचा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आप्पांचा फोन आला, "गिरणीवाल्याले रुई स्वस्त भेटी. मंग आमनं काय?"

लिस्टचं उत्तर त्यांना आवडणारं नाही: कच्च्या मालावर जकात नको, कारखाने वाढले की शेतकऱ्याला गिऱ्हाईक दाराशी मिळतं. पण आपल्याकडे जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि बराचसा माल ट्रकनं बाहेर जातो. सूत, कापड, त्यातला नफा दुसरीकडे. दाराशी गिऱ्हाईक नसेल, तर लिस्टचा हा युक्तिवाद आप्पांना लागू पडत नाही.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8110 रुपये होता. शुल्क उठवायचंच होतं, तर शेतकऱ्याच्या घरातला कापूस विकला गेल्यावर उठवायचं होतं, ऐन वेचणीच्या तोंडावर नाही. आप्पांना मी हेच सांगितलं.