उंबऱ्याचा अर्धा इंच

बुधवार, रात्री

म्हातारपणासाठी बैठं घर बांधायचं ठरलं की जिना टळला, एवढ्यावरच बहुतेकांचं समाधान होतं. जिना माणूस जपून चढतो, कठडा धरतो. ठेच लागते ती अर्ध्या इंचाच्या उंबऱ्याला, कारण तिकडे लक्षच नसतं. घराच्या सगळ्या पातळ्या कोबा, म्हणजे फरशीखालचा काँक्रीटचा थर, पडायच्या आधी ठरायला हव्यात. नंतर फरशी फोडण्यावाचून इलाज नाही.

जोतं ४५० मिमी उंच धरलं तर १:१२ उताराचा, म्हणजे बारा मापं लांबीला एक माप चढणारा, रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, आणि दारापुढची दीड मीटर सपाट जागा वेगळी. हा रॅम्प मागाहून सुचला की जागेअभावी आखूड होतो आणि त्याची घसरगुंडी होते. अंगण मोठं असेल तर पायवाटच भराव घालून १:२० ने वर न्यावी. ९ मीटर लागतात, पण चढ जाणवत नाही. उंबरा नसला तर पावसाचं पाणी आत येईल, ही गवंड्याची शंका रास्तच आहे. दारासमोर आडवी जाळीची नाली आणि वर पुरेसा रुंद छज्जा, दोन्ही हवेत.

खरी परीक्षा बाथरूमची. दारापासून पाणी जायच्या जाळीपर्यंत १.८ मीटर अंतर आणि १:६० उतार म्हटलं, तर जाळीपाशी फरशी ३० मिमी खाली जाते. म्हणजे बाथरूमखालचा कोबा तेवढा, शिवाय वॉटरप्रूफिंगच्या थराइतका, आधीच खाली घ्यावा लागतो. हे राहून गेलं की मग दारात पट्टी बसवतात, आणि उंबरा परत आलाच. टाइल लहान घ्यावी. सांधे जास्त आले की पायाला पकड मिळते, उतारही नीट काढता येतो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवावं. आत पडलेला माणूस दाराला टेकला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही.

चौकटीच्या मापात नेहमी फसगत होते. ९०० मिमी हे चौकटीचं बाहेरचं माप. दोन्ही बाजूंची लाकडं आणि दाराच्या उघड्या फळीची जाडी वजा केली की हाती जेमतेम ७५० उरतात. व्हीलचेअर कशीबशी जाते, चाक फिरवणाऱ्याची बोटं मात्र सोलली जातात. सरळ १००० ची चौकट सांगावी.

आधाराच्या दांड्याचा व्यास ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून अंतर ४० च्या आसपास. अंतर फार ठेवलं तर तोल गेल्यावर हात मागे घुसून अडकतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग जोराच्या हिसक्याला उपटून येतो, म्हणून दांड्याच्या जागी प्लास्टरआधीच काँक्रीटचा ठोकळा भरून घ्यावा. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिमी उंच. शेजारच्या दांड्याची उंची मात्र वापरणाऱ्याला खुर्चीत बसवून, तो कुठे हात टेकून उठतो ते पाहून ठरवावी. पडताना माणूस हाताला येईल ते धरतो, त्यामुळे टॉवेलचा दांडाही याच मजबुतीचा असावा.

दांडे लगेच बसवायची घाई नको. ठोकळे भरले की भिंतीला टेप लावून फोटो काढावेत, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं माप दिसेल असे. टाइल बसल्यावर ठोकळा कुठे आहे हे गवंड्यालाही आठवत नाही.